पाणी चालणारा पाहुणा

नेपाळचा राणा पंतप्रधान जंगबहादूर १८५० साली इंग्लंडला गेला. हिमालयाच्या पायथ्याच्या एका हिंदू राज्याच्या सत्ताधीशाने समुद्र ओलांडून म्लेंच्छांच्या मुलखात जावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. म्हणून जाताना तयारीही तशीच होती. सोबत स्वतःचे आचारी होते. साहेबांच्या मेजवान्यांना हजर राहायचे, पण त्यांच्या पंक्तीला जेवायचे नाही, असा नेम होता. लंडन-पॅरिस पाहून १८५१ मध्ये तो परतला. वाटेत तीर्थे करून, शुद्ध होऊन मग राजधानीत शिरला. आणि पुढे तीन वर्षांच्या आत, १८५४ मध्ये, त्याच्या राजवटीने देशाला एक लिखित कायदा दिला. त्याचे नाव मुलुकी ऐन.

या ऐनाला काहीजण आधुनिकतेची पहिली पायरी म्हणतात. कायदा एका ग्रंथात आला, सगळ्या देशाला एक झाला, म्हणून. एक झाला खरा, पण कसा? मनूने जे श्लोकांत सांगितले ते जंगबहादूरने दिवाणी आणि फौजदारी कलमांत सांगितले. सगळ्या प्रजेची त्याने पाच थरांत मांडणी केली. वर जानवे घालणारे तागाधारी. त्यांच्याखाली मद्य पिणारे मतवाली. त्यांतही दोन भाग, ज्यांना गुलाम करता येत नाही ते आणि ज्यांना करता येते ते. गुरुङ, मगर पहिल्या भागात. थारू, चेपाङ, भोटे दुसऱ्या भागात. त्याखाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही ते. त्यांचेही पुन्हा दोन भाग. एकाचा स्पर्श झाला तर पाणी शिंपडावे लागत नाही, दुसऱ्याचा झाला तर लागते. सोन्याचा स्पर्श केलेले पाणी. लोहारकाम करणारे कामी, कातडे कमावणारे सार्की, कपडे शिवणारे आणि वाद्ये वाजवणारे दमाई, सारंगीवर गाणारे गाइने, हे सगळे या शेवटच्या थरात. महाडच्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतणाऱ्यांना हा कायदा वाचायला मिळाला असता, तर त्यांना घरी आल्यासारखे वाटले असते.

आंद्राश होफर या अभ्यासकाने १९७९ साली या ऐनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. चौथ्या थरात, म्हणजे पाणी न चालणाऱ्या पण शिंपडावे न लागणाऱ्या लोकांत, कसाई, धोबी, कुसले यांच्या जोडीला मुसलमान आहेत आणि म्लेंच्छही आहेत. म्लेंच्छ म्हणजे युरोपियन. राणी व्हिक्टोरियाच्या भेटीला गेलेल्या माणसाच्या कायद्याने राणीच्या सगळ्या प्रजेला पाणी न चालणारी ठरवले. गोरा पाहुणा नेपाळच्या कायद्यात दमायापेक्षा एकच पायरी वर होता.

हे सगळे आज सांगण्याचे कारण असे. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्याकडची काही मुले-मुली नेपाळच्या गंडकी भागातल्या एका डोंगरी गावात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जाणार आहेत. गावकऱ्यांनीच चालवायचे, गावकऱ्यांच्याच घरी पाहुणे ठेवायचे, मिळकत गावातच राहायची, असे तिथले पर्यटन आहे. त्याला समुदायाधारित पर्यटन म्हणतात. मुलांनी हिशोबाच्या वह्या लावून द्यायच्या, फलक रंगवायचे, घरच्या लोकांना थोडे इंग्रजी-हिंदी शिकवायचे. भारत-नेपाळमधल्या १९५० च्या तहामुळे व्हिसा लागत नाही, म्हणून याला परदेश म्हणावे की नाही यावर आमच्या शिक्षक-खोलीत चहाबरोबर वाद झाला. माझ्यापुरता तो मिटलेला आहे. माझे आजोबा गावची येसकरकी करीत. तालुक्याच्या गावाला जाणे हाच त्यांना परदेश होता. घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. माझे विद्यार्थी सीमा ओलांडतात याचे मला अप्रूप आहे, ते लपवण्याचे कारण नाही. मुलांना तयारी म्हणून तीन व्याख्याने द्यावीत असे मला सांगण्यात आले, आणि सोबत एक पुस्तिका देण्यात आली. कपडे कोणते घ्यावेत, उंचीवर श्वास लागला तर काय करावे, हे तिच्यात नीट आहे. आणि एक वाक्य आहे: स्थानिक समुदायाच्या परंपरांचा आदर करावा.

समुदाय म्हणजे कोण? माझी तीनही व्याख्याने या एका शब्दावर गेली.

दुसऱ्याच्या देशात जाऊन श्रम करण्याच्या कल्पनेचा इतिहास चांगला शंभर वर्षांचा आहे. पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये व्हर्दूनजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेले गाव उभारायला पहिले श्रमशिबिर भरवले. हाच सेरेसोल १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर बिहारात आला आणि मुजफ्फरपूरच्या बाजूला त्याने मूठभर साथीदारांसह घरे बांधण्याच्या कामाला हात घातला. त्या भूकंपाने काठमांडूही हादरले होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे तेव्हा गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याला हरकत घेतली. ही चर्चा इकडे चालू असताना सीमेपलीकडे अस्पृश्यता हे पाप नव्हते, गुन्हा तर नव्हताच. तो राज्याचा कायदा होता. पाळली नाही तर शिक्षा.

पुढे १९६१ मध्ये केनेडींनी पीस कोअर काढले आणि पुढच्याच वर्षी त्याचे तरुण नेपाळात आले. शिक्षक म्हणून, शेतीचे जाणकार म्हणून गावोगाव राहिले. त्यांतल्या कित्येकांनी मनापासून काम केले. पण या सगळ्या चळवळीवरचा सर्वात कडक घाव इव्हान इलिचने घातला. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत क्वेर्नावाका येथे अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्याने त्यांना सरळ सांगितले, की पाहायला या, शिकायला या, पण आमच्यावर उपकार करायला येऊ नका. मी हे मुलांना सांगितले तेव्हा ती गप्प झाली. इलिचचे म्हणणे मला मोलाचे वाटते, तरी ते अर्धे आहे. त्याच्या मांडणीत एका बाजूला श्रीमंत देशातला मदतनीस आहे आणि दुसऱ्या बाजूला गरीब गाव आहे. गाव मात्र त्याच्याकडे एकसंध आहे. गावाच्या पोटात दुसरे गाव असते, ते ज्याने भोगले त्यालाच आधी दिसते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे सांगितले ते आपल्या वाचकांना पाठ आहे. ते भारतातल्या खेड्याविषयी होते, पण गंडकीच्या खोऱ्यालाही लागू पडते.

आपल्याकडे बलुते, तिकडे बाली. शेतकरी यजमानाला बिष्ट म्हणायचे. कामी वर्षभर त्याचे विळे-कोयते शेवटायचा, दमाई कपडे शिवायचा, आणि सुगीला ठरलेले धान्य मिळायचे. दमायाचे शिवणयंत्र बिष्टाच्या अंगणात किंवा पिंढीवर. पिंढी म्हणजे आपली ओसरी. त्याच्या आत चूल, आणि चुलीपाशी त्याला मज्जाव. लग्नाला मात्र त्याच्यावाचून चालत नाही. सनई, नरसिंगा, दमाहा, ट्याम्को, झ्याली यांचा ताफा, पंचेबाजा, तो दमायांनीच वाजवायचा. शुभकार्याला त्याचे वाद्य हवे, तो नको. हलगीवाल्याच्या नातवाला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आपलंच गाव की. फक्त थंडी जास्त."

आता पर्यटनाकडे येतो. राणाशाही १९५१ मध्ये संपली आणि नेपाळचे दरवाजे उघडले. आरंभी पैसा काठमांडूच्या हॉटेलांत आणि डोंगर चढवणाऱ्या कंपन्यांत राहिला. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रकल्प १९८६ मध्ये घांद्रुकहून सुरू झाला, त्याने लॉजवाल्यांच्या समित्या केल्या आणि उत्पन्नाचा वाटा गावाच्या कामाला लावला. मग १९९७ मध्ये स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी या गुरुङांच्या गावाने वेगळा प्रयोग केला. लॉज नाही, हॉटेल नाही. पाहुणा घरातच राहील. समिती त्याला पाळीप्रमाणे घर नेमून देईल, म्हणजे घराघरांत चढाओढ लागणार नाही. कॅप्टन रुद्रमान गुरुङ यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. प्रयोग गाजला, इतर गावांनी उचलला. नेपाळ सरकारने २०१० मध्ये होमस्टेची कार्यविधी केली. सामुदायिक होमस्टेसाठी एका गावात किमान पाच घरे लागतात असा नियम आला.

या प्रयोगाचे श्रेय मी नाकारत नाही. १८५४ च्या कायद्याने थारूंना गुलाम करण्याजोगे ठरवले होते. त्यांच्यातले कितीतरी लोक कमैया म्हणून पिढ्यान् पिढ्या कर्जात राबले. सरकारने कमैया पद्धत रद्द केली ती जुलै २००० मध्ये. आज बर्दियातल्या, नवलपरासीतल्या थारू बाया आपल्या घरी पाहुणा उतरवतात आणि त्याचे पैसे स्वतः मोजून घेतात. ही लहान गोष्ट नव्हे.

पण होमस्टेमध्ये नेमके विकले जाते काय? खोली नव्हे. खोली पोखऱ्याला याहून चांगली मिळते. विकली जाते ती चूल. घरच्या माणसांत बसणे, घरधनिणीने वाढलेले खाणे, तिच्या हातचे पाणी. ज्याचे पाणी १८५४ मध्ये चालत नव्हते तो म्लेंच्छ आज चुलीपाशी मानाने बसतो. डॉलरने त्याला शुद्ध केले. सोन्याचे पाणी शिंपडावे लागले नाही. त्याच्या स्वागताला बऱ्याच गावांत वेशीवर पंचेबाजा वाजतो. वाजवणारे तेच. पाहुणा हार घालून आत जातो, वाजवणारा वेशीवरून परततो. कागदावर त्याचे पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ अडवले गेले, पाहुण्याचेही अडवले गेले होते. दोघांपैकी एकाचीच सुटका झाली. परंपरेचा आदर करा असे पुस्तिका सांगते, तेव्हा या वाजवण्याचाही आदर करायचा काय? मी मुलांना सांगितले, वाजवण्याच्या कसबाचा जरूर करा. कुणी कुठे उभे राहायचे या नेमाचा करू नका.

कायदे झाले नाहीत असे नाही. राजा महेंद्राच्या १९६३ च्या नव्या ऐनाने जातवार कलमे काढली. त्याआधी नोव्हेंबर १९५६ मध्ये, नागपूरच्या दीक्षेनंतर थोड्याच दिवसांत, बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी बोलले, तेव्हा ती कलमे ऐनात शाबूत होती. शरीर थकलेले, आणि समोर हा देश. १९९० च्या संविधानाने अस्पृश्यतेला बंदी केली. २००६ मध्ये संसदेने देश अस्पृश्यतामुक्त झाल्याची घोषणा केली. २०११ मध्ये स्वतंत्र कायदा आला. घोषणा आणि कायद्यांच्या बाबतीत नेपाळ आपल्या मागे नाही, आणि पुढच्या अनुभवातही नाही. २३ मे २०२० रोजी रुकुम पश्चिम जिल्ह्यातल्या सोती येथे वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणारा एक दलित तरुण आणि त्याचे पाच साथीदार जमावाच्या हल्ल्यात प्राणास मुकले. २०२१ मध्ये खुद्द काठमांडूत एका दलित पत्रकार स्त्रीला आडनाव कळल्यावर भाड्याची खोली नाकारली गेली. पैसे देऊन राहणाऱ्या भाडेकरूला जिथे हे घडते, तिथे त्याच्या घरी पाहुणा उतरवायला कोण तयार होईल? जनगणनेनुसार नेपाळात दलित तेरा टक्क्यांच्या आसपास आहेत. समुदायाच्या नावाने येणाऱ्या पैशात त्यांचे घर किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय समुदाय हा शब्द उच्चारू नये, असे माझे मत आहे.

आमच्या तुकडीतल्या एका मुलीने तिसऱ्या व्याख्यानानंतर मला गाठले. आमच्याच वस्तीतली. म्हणाली, "सर, माझं आडनाव त्यांना कळायचं नाही ना?" कळणार नाही, हे खरे. कांबळे, वाघमारे, सोनवणे ही नावे गंडकीच्या डोंगरात कुणाला वाचता येत नाहीत. तिथे ती भारतातून आलेली शिकलेली पाहुणी असेल. ज्या चुलीपाशी तिच्या आजीला इथे कुणी उभे केले नाही, तसल्याच चुलीपाशी तिला तिथे बसवतील. आणि त्याच वेळी अंगणात कुणी दमाई बाई उभी असेल. "मग मी सांगू का कोण आहे ते?" असे तिने विचारले. मी म्हटले, ते तुझे तू ठरव, कुणी सांगितले म्हणून सांगू नकोस आणि कुणी सांगितले म्हणून लपवूही नकोस. पण अंगणातल्या बाईचे नाव विचार. ती कुठे राहते ते विचार, आणि जमले तर तिच्या घरी जाऊन पाणी पी. याचा यजमानांना राग येऊ शकतो. महिनाभर त्यांच्याच छपराखाली राहायचे आहे, हेही मी तिला सांगितले. ती हसली. म्हणाली, "गावात आम्ही बारा महिने राहतोच की, सर."

मुलांनी आता स्वतःच एक वही केली आहे. पाळीच्या यादीत कोणती घरे आहेत आणि कोणती नाहीत. समितीत कोण बसते. पंचेबाजाच्या ताफ्याला पैसे रोख मिळतात की धान्यात, आणि ते कोण ठरवते. नळाचे पाणी कुठवर आले आहे. हिशोबाची वही लावून द्यायला जाणारच आहेत, तर हे खातेही त्यात उघडता येईल. मी आयोजकांना लिहून कळवले आहे, की तुकडीतल्या दोघातिघांना तरी कामी किंवा दमाई कुटुंबाच्या घरी उतरवावे, दर इतर घरांना असेल तोच द्यावा. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते. ती घरे समितीच्या यादीत नाहीत आणि यादीत नसलेल्या घरी पाहुणा ठेवता येत नाही, असे त्यांनी लिहिले. नियमाला किमान पाच घरे लागतात. गावाच्या खालच्या अंगाला दमायांची किती घरे आहेत, हे मी परतीच्या टपालाने विचारले आहे. अजून कळलेले नाही.