मडकें, जूं आणि खराटा

कौंडण्यपूरचें नांव निघालें कीं रुक्मिणीचा निरोप आठवतो. भागवताच्या दशमस्कंधांत तो सात श्लोकांत आला असून एका ब्राह्मणानें तो द्वारकेस पोंचविला. हा निरोप वाचिक होय. परंतु याच वऱ्हाडांत कृतीनें निरोप देणारे पुरुषही होऊन गेले. त्यांचा विचार येथें कर्तव्य आहे.

तुलनेसाठीं यहुदी संदेष्ट्यांचें उदाहरण घेऊं. यिर्मयानें कुंभाराचें मडकें विकत घेऊन हिन्नोमच्या खोऱ्यांत वडीलधाऱ्यांसमक्ष फोडलें, आणि नगराची हीच गत होईल असें सांगितलें. पुढें मानेवर जूं घेऊन त्यानें बाबेलच्या राजापुढें मान तुकविण्याचा उपदेश केला. तेव्हां हनन्यानें तेंच जूं मोडून उलट भविष्य वर्तविलें. म्हणजे कृति खऱ्याची असते, तशी खोट्याचीही असते. केवळ कृतीवरून सत्यनिर्णय होत नाहीं.

आतां ऋद्धिपुराकडे वळूं. तेथील गोविंदप्रभु हे द्वारकेच्या चांगदेव राउळांचे शिष्य. चांगदेव राउळ खराट्यानें द्वारकेचे रस्ते झाडीत व केर सुपांत भरून गोमतींत टाकीत, असें महानुभाव परंपरा सांगते. गोविंदप्रभूंचें वर्तन लोकांस वेडेपणाचें वाटे. ज्यांना समाजानें दूर ठेविलें त्यांच्या घरीं ते निःशंक जात. यिर्मया कृतीचा अर्थ बोलून दाखवितो, गोविंदप्रभु दाखवीत नाहींत. तो पाहणारानें लावावयाचा. म्हाइंभटानें या लीला एकेक करून नोंदविल्या, वेडेपणा झांकला नाहीं, म्हणूनच आज आपणांस विचार करितां येतो. डॉ. वि. भि. कोलते यांनीं हें चरित्र संपादून छापिलें, हे आपणांवर उपकार आहेत.

तिसरें उदाहरण गाडगे महाराजांचें (१८७६–१९५६). भरतमुनींच्या परिभाषेंत खराटा, फुटकें मडकें व चिंध्यांचें वस्त्र हा आहार्य अभिनय म्हणतां येईल. परंतु नटाचा खराटा खेळ संपतांच खालीं ठेविला जातो. महाराज दिवसा गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत प्रश्न विचारून त्याचा अर्थ श्रोत्यांच्याच मुखानें वदवीत. यिर्मयाचें मडकें फुटून विनाश सांगे. यांचें मडकें भिक्षेचें पात्र होऊन निर्वाह सांगे. कृति आणि वाणी यांचा मेळ येथें पूर्ण दिसतो.

यावरून निकष असा निघतो : ज्या कृतीचे श्रम कर्ता स्वतः सोसतो, ती उपदेश होते, ज्या कृतीचें केवळ दर्शन असतें, ती हनन्याचें मोडलेलें जूं होय. समारंभांत क्षणभर खराटा धरणारांस हा निकष लावून पाहावा.

गाडगे महाराजांस प्रत्यक्ष पाहिलेले लोक आतां विरळच राहिले आहेत. संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर त्यांच्या आठवणीही, म्हाइंभटाप्रमाणें कांहीं न झांकतां, गांवोगांव टिपून ठेवाव्या.