पानिपताच्या वाटेवरील तीन खान

मानेसरला राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गावाहून पाहुणे आले की एक दिवस पानिपतासाठी राखून ठेवावाच लागतो. काळ्या आंब्याच्या जागी उभारलेल्या स्तंभापुढे सर्वांची मने भरून येतात, आणि परतताना घरातील मुले विचारतात, "ही लढाई हिंदू-मुसलमानांची होती ना?" आम्हीही एकदा घाईने होकार दिला होता. वाचन वाढले तसा तो होकार टोचू लागला. म्हणून हा लेखप्रपंच.

इस्लामच्या नावाने आवाहने झालीच नाहीत असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. १५२७ साली खानव्याच्या रणांगणावर जाताना बाबराने मद्याचे प्याले फोडले, युद्धास जिहाद म्हटले आणि विजयानंतर 'गाझी' ही पदवी धारण केली. परंतु त्याच रणांगणावर राणा संगाच्या बाजूने कोण उभे होते? मानेसरच्या दक्षिणेस अरवलीच्या टेकड्यांपलीकडे मेवात लागतो. अलवर ही ज्याची राजधानी, तो मेवातचा अधिपती हसनखान मेवाती मुसलमानच होता. त्याचा मुलगा नाहरखान पानिपतच्या पहिल्या लढाईत बाबराच्या हाती सापडला होता. मुलाला सोडले तर बाप आपलासा होईल, या हिशेबाने बाबराने त्याला मानाची वस्त्रे देऊन परत पाठविले. मुलगा सुटल्याचे कळताच हसनखान अलवरहून निघाला, तो थेट संगाला जाऊन मिळाला आणि खानव्यास धारातीर्थी पडला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्यावर केलेली आगपाखड मुळातून वाचण्यासारखी आहे. बाहेरून आलेला स्वधर्मी आणि शेजारचा परधर्मी यांत त्याने शेजारी निवडला. त्यात राज्य राखण्याचा स्वार्थही होताच.

सव्वादोनशे वर्षांनंतर हाच पेच पुन्हा पडला, आणि या वेळी त्यात आपण होतो. १७५२ सालच्या करारान्वये दिल्लीच्या मुसलमान बादशहाचे अब्दालीपासून रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी पत्करली होती. १७५७ साली नजीबखान रोहिला मराठ्यांच्या कचाट्यात सापडला असता मल्हारराव होळकरांच्या मध्यस्थीने सुटला. (ही सूट किती महागात पडली!) त्याच नजीबाने धर्माची हाक देऊन अब्दालीला बोलाविले. शिया असलेल्या शुजाउद्दौल्याची मात्र सुन्नी अफगाणांकडे जाताना पावले बराच काळ अडखळत होती. राजपूत आले नाहीत, सूरजमल जाट निघून गेला; चौथाईच्या वसुलीने आपणच दुखावलेले हे शेजारी होते, हेही मान्य केले पाहिजे.

आणि १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊंच्या फौजेच्या डाव्या बाजूस इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच कवायतीत तयार झालेल्या त्याच्या आठ-नऊ हजार गारद्यांनी रोहिल्यांची अक्षरशः कत्तल उडविली. गोलाच्या लढाईचा आग्रह त्याचाच, असे म्हणून त्याला दोष देणारे आजही भेटतात. असो. जखमी होऊन तो पकडला गेला. शुजाच्या छावणीत आसरा मिळूनही अखेर त्याला अफगाणांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि तेथेच त्याचा अंत झाला.

तिसरा खान कुणी सरदार नव्हता. पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती होता. पानिपतावरून निसटताना एका अफगाण स्वाराच्या घावाने महादजी शिंदे पायाने कायमचे अधू झाले. रक्तबंबाळ होऊन पडलेल्या महादजींना राणेखानाने आपल्या बैलावर घालून सुखरूप नेले, असे सांगतात. महादजी हे उपकार विसरले नाहीत. राणेखान पुढे त्यांचा सेनापती झाला.

१७८८ साली नजीबाचा नातू गुलाम कादर दिल्लीच्या किल्ल्यात शिरला. शाहआलम बादशहाचे डोळे त्याने काढले, शाहजाद्यांचे व बेगमांचे अनन्वित हाल केले. मुसलमान बादशहावर हा अत्याचार मुसलमानानेच केला. त्या आंधळ्या वृद्धाच्या मदतीस दक्षिणेची फौज धावली, आणि त्या फौजेच्या अग्रभागी होता राणेखान. ऑक्टोबरात दिल्ली मराठ्यांच्या हाती आली. गुलाम कादर मेरठकडे पळाला, डिसेंबरात पकडला गेला आणि पुढील वर्षी महादजींच्या आज्ञेने मारला गेला.

पाणक्या असलेल्या या माणसाचे नाव मराठी कागदपत्रांत कसे येते, हे पुढच्या खेपेस मुलांनी विचारले तर सांगता येईल. महादजींनी त्याला भाऊ मानले होते, म्हणून तेथे लिहिलेले असते 'राणेखानभाई'.