गिरणगावातील नफा आणि कामगारकपात

मुंबईत कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीतून १८५६ मध्ये सूत निघू लागले. पुढे गिरण्या वाढल्या आणि तेजीत कामगार भरायचे, मंदीत काढायचे, ही रीत रुळली. माणसे ठेवणे-काढणे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. फाटकावर ताटकळणाऱ्या बदली कामगारांतून तो रोजचे खाडे भरून काढी. बेकारीच्या दिवसांचा खर्च गिरणीच्या वहीत कधी चढला नाही. तो कामगारांच्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या शेतीने सोसला. नफ्याच्या हिशेबात ही गावाकडची भाकरी कोणी धरली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मालकांनी बोनस दिला. मंदी येताच तो बंद झाला आणि १९२४ मध्ये संप झाला. १९२५ मध्ये वेतनात ११.५ टक्के कपात जाहीर झाली. कामगार पुन्हा संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा ३.५ टक्के अबकारी कर थांबवला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. मालकांचे सरकारशी असलेले भांडण कामगारांच्या पोटावर लढले गेले, असेच म्हणावे लागते.

१९२८ चा सहा महिन्यांचा संप थेट कामगारकपातीवर होता. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, अशी योजना होती. काम वाढणार आणि माणसे घटणार, हे उघड होते. संपानंतर चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीने योजना तत्त्वतः मान्य केली.

१९५३ मध्ये गिरण्यांत माल साठून कपातीची धास्ती निर्माण झाली, तेव्हा औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. काढलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळू लागले. शेवटी आलेला आधी जाईल, हा क्रमही ठरला. कपातीला किंमत आली, पण ती किंमत मोजली की मालक मोकळा होई. ले-ऑफच्या, म्हणजे तात्पुरत्या कामबंदीच्या, भरपाईतून बदली कामगार तर वगळलेलाच राहिला. वर्षभर सलग सेवा झाली तरच त्याचे बदलीपण संपे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात बदलींना कायम करण्याची मागणीही होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार परत घेतले गेले नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनींचे भाव वाढले. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनींचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवले होते. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला.