बांध आणि पाणलोट : सीना खोऱ्यातील भू-जलसंधारणविषयक कायद्यांचा विकास

सोलापूर-पुणे मार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. या परिसराचे पाणी सीना नदीस मिळते. सीना दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुडल येथे भीमेस, भीमा पुढे कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेले हे कोरडवाहू माळरान किनाऱ्यावरील त्रिभुज प्रदेशाशी असे एकाच उताराने जोडलेले आहे. कुडलच्या संगमेश्वर मंदिरातील शके ९४० चा शिलालेख मराठीच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. मराठीतील अत्यंत प्राचीन कालोल्लेखी लेखांत ज्याची गणना होते, तो लेख ज्या संगमावर आहे, त्या संगमाकडे वाहणाऱ्या पाण्याचा विचार कायद्याने केव्हा व कोणत्या परिभाषेत केला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

इ. स. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतरच्या दशकात मुंबई इलाख्यास लागू झालेले दोन कायदे येथे प्रथम विचारात घेतले पाहिजेत. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाचा मुख्य रोख कालव्यांच्या व्यवस्थेवर होता. माळावर पडून वाहून जाणारे पाणी त्याच्या कक्षेत फारसे येत नव्हते. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाने विहिरी, ताली इत्यादी कामांसाठी तगाईची सोय केली. परंतु तगाई घेणारा तो एकटा खातेदार होता. शेजाऱ्याच्या शेतातून येणाऱ्या लोंढ्याशी त्या कर्जाचा काही संबंध नव्हता.

या दृष्टीत बदल घडला तो अभ्यासामुळे. १९२३ साली पुण्याजवळील मांजरी येथे कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांस आरंभ झाला आणि १९३३ साली सोलापूर येथे स्वतंत्र संशोधन केंद्र उघडले गेले. ना. वि. कानिटकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पावसाच्या पाण्यापैकी किती जिरते, किती वाहून जाते आणि त्याबरोबर किती माती जाते, यांची मोजमापे करण्यात आली. समपातळी बांध, अधूनमधून खोल नांगरट, पेरणीत रुंद अंतर आणि वारंवार कोळपणी ही 'मुंबई कोरडवाहू पद्धती' या केंद्रांतील प्रयोगांतूनच सिद्ध झाली. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरील इंग्रजी ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांच्या पार्श्वभूमीवर १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम आला. प्रांतिक मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिल्यामुळे त्या वेळी गव्हर्नरची राजवट होती. तेव्हा लोकनियुक्त विधिमंडळात त्याची चर्चा झाली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. या अधिनियमाने धूप थांबविणे, पाण्याचा साठा वाढविणे व कोरडवाहू पद्धतींचा प्रसार करणे, यांसाठी सलग क्षेत्राची योजना आखण्याचा मार्ग खुला केला. योजना प्रसिद्ध करावी, हरकती ऐकाव्यात आणि मंजुरीनंतर ती सर्व संबंधितांवर बंधनकारक व्हावी, अशी त्याची रचना होती. एकट्या खातेदाराच्या इच्छेवर अवलंबून असलेले काम अशा रीतीने सामुदायिक कर्तव्य झाले.

येथेच एक अडचण उद्भवली आणि तिचे मूळ भाषेतही दिसते. 'बांध' हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या बोलीत दोन अर्थ वाहतो : मालकीची सीमा आणि पाण्याचा अडसर. समपातळी बांध मात्र उतारास आडव्या समपातळी रेषेने जाई. मालकीची सीमा तो मानीत नसे. शेत तिरपे कापले गेले की औताला अडथळा होई आणि नवा बांध शेतकऱ्यास परका वाटे. शिवाय खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. बांधामागे ते तुंबून पिकास अपाय होई, प्रसंगी बांधही फुटे. पुढील संशोधनाने अशा जमिनीसाठी ढाळीचे बांध अधिक योग्य ठरविले. अभ्यास पुढे गेला, तरी कायद्याने एकदा घालून दिलेला नमुना तितक्या त्वरेने बदलत नाही, हा धडा यातून मिळतो.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर कायद्याचे दोन प्रवाह वेगळे वाहू लागले. १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमान्वये १९६२ साली महामंडळ स्थापन झाले. चिंचोळीसारख्या वसाहती त्याच व्यवस्थेचे फळ होत. १९६९ साली राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला, तर १९७४ साली केंद्राचा कायदा आला. यांपैकी पहिल्या कायद्याचे लक्ष भूखंडावर आणि पुढील दोहोंचे सांडपाण्याच्या गुणवत्तेवर होते. दुसरीकडे, १९७२ च्या दुष्काळानंतर मृदसंधारणाची कामे रोजगार हमीशी जोडली गेली, १९८३ पासून सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि 'पाणलोट' हा शब्द शासकीय व्यवहारात रुळला.

कायद्यात त्याचे पूर्ण प्रतिबिंब दिसते ते २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमात. २०१४ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद केली आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातला. सव्वाशे वर्षांत कायद्याचे एकक खातेदारापासून योजनाक्षेत्राकडे आणि तेथून पाणलोटाकडे सरकले.

तथापि कारखाना, शेत आणि विहीर यांचे पाणी एकाच उताराने सीनेकडे जात असता, त्यांचे नियमन आजही निरनिराळ्या कायद्यांच्या व कार्यालयांच्या हाती आहे. सोलापूरच्या केंद्राने पाणी आणि माती यांचे एकत्र मोजमाप केले, तेव्हाच कायद्यास नवी दिशा लाभली. चिंचोळीच्या परिसरातही नियमनाची एकात्मता यावयाची असेल, तर तिची सुरुवात अशाच एकत्रित मोजमापापासून व्हावी लागेल.