बालाघाटच्या सीताफळाची कुळकथा

सीताफळ मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बीडजवळच्या पालीपासून धारूर-अंबाजोगाईपर्यंत पसरलेल्या बालाघाटच्या मुरमाड डोंगरांत ते रानोमाळ रुजले. कमी पाण्यावर ते तग धरते आणि गुरे-शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो, परागकण नंतर मोकळे होतात. छोटे भुंगेरे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतात. फळावरचा प्रत्येक डोळा ही फुलातली एकेक बीजकोशी असते. जिला पराग मिळत नाही ती वाढत नाही आणि फळ वेडेवाकडे होते. परपरागणामुळे बियांतून गुणांची सरमिसळ होते. म्हणून एकाच डोंगरावर एका झाडाचे फळ गराने भरलेले, तर शेजारच्याचे बियांनीच भरलेले निघते.

या विविधतेतून चांगली झाडे हेरून वाण तयार झाले. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने निवडलेला ‘धारूर-6’ मोठ्या, गरदार फळांसाठी ओळखला जातो. ‘बाळानगर’ तेलंगणातला. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ कसपटे यांच्या ‘एनएमके-1’ने कमी बिया आणि टिकाऊपणा दिला. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा ‘अर्का सहन’ हा संकरित वाण आहे. त्यात सीताफळाबरोबर थंड डोंगराळ भागातल्या चेरिमोया या फळाचाही वारसा आहे. म्हणून तो सावकाश पिकतो आणि त्यात बिया कमी असतात.

एका जनुकाने किती फरक पडतो, हे बिनबियांच्या थाई सीताफळात दिसले. त्यात ‘आयएनओ’ हे जनुकच गळालेले आहे, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यामुळे बीजांडाचे बाहेरचे आवरण तयार होत नाही. बी धरत नाही, फळ मात्र वाढते.

निवडलेला गुण बियांतून तसाच उतरेल याची खात्री नसते, म्हणून रोपवाटिकेत कलमे बांधतात. एका झाडाची सगळी कलमे जनुकांनी सारखीच असतात. फळ एकसारखे मिळते, पण नवा गुण त्यातून निघत नाही. तो डोंगरात बियांपासून उगवलेल्या झाडांतून मिळू शकतो. कलमी बागा वाढवताना ही झाडे तोडू नयेत. पुढच्या वाणांचे भांडवल तीच आहेत.