‘करतो’ : अक्षरे तीन, उच्चार दोन

आमच्या जयसिंगपुरात ओळखीचे कुणी भेटले की पहिला प्रश्न येतो, ‘काय करालायस?’ पुस्तकी मराठीतले ‘काय करायला लागला आहेस’ हे एवढे मोठे क्रियापद इथे एका दमात उरकते. जीभ शब्द आवळते, लिपी मात्र त्याचा जुना आकार सांभाळते. कवीला या दोघींमध्ये उभे राहावे लागते. मला हे एका परत आलेल्या कवितेने शिकवले.

घरी आम्ही दख्खनी बोलायचो, अब्बा उर्दू शेर म्हणायचे. शाळेत समर्थांचे मनाचे श्लोक पाठ केले. दोन्हीकडे कधी कधी ठेका एकच लागे. श्लोकांचे भुजंगप्रयात आणि फारसी-उर्दूतला मुतकारिब यांची लय सारखीच : लघू, गुरू, गुरू, असे चारदा. विशीत मी त्याच लयीत गझल लिहिली, तीत ‘करतो’, ‘म्हणतो’ पेरले आणि एका संपादकांना पाठवली. ती परत आली. प्रत्येक ‘करतो’खाली पेन्सिलीची रेघ, समासात दोन शब्द : ‘वृत्त बिघडले.’ मराठी आपल्याला येतच नाही की काय, या शंकेने कितीतरी दिवस लिहिले नाही.

मग वाचनालयात ‘छंदोरचना’ हाती लागली. तिचे कर्ते माधव जूलियन, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. फारसीचे जाणकार, त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. ‘छंदोरचने’ची वाढवलेली आवृत्ती १९३७ साली निघाली. तिच्या सोबतीने माझी चूक मला कळली.

उर्दू छंद कानाने मोजतात. ‘करता’ म्हणजे कर आणि ता, दोन गुरू. मराठी वृत्त लिहिलेली अक्षरे मोजते : क, र, तो, दोन लघू, एक गुरू. मात्रा दोन्हीकडे चारच. पण भुजंगप्रयातात दोन लघू शेजारी बसतच नाहीत. ‘करतो’ला तिथे दार बंद, ‘करावे’, ‘धरावे’ यांना मात्र मानाचे पान.

मग जीभ म्हणत नाही ते अक्षर मोजायचे कशाला? उत्तर इतिहासात आहे. जुनी मराठी ‘करितो’, ‘मारितो’ म्हणे. सकर्मक क्रियापदांत ही ‘इ’ असे, ‘पडतो’, ‘बसतो’ या अकर्मकांत नसे. एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तकांतही ‘करितो’ भेटते. पुढे ‘इ’ गळाली, ‘र’ मधला ‘अ’ही बोलण्यातून गेला, अक्षर तेवढे मागे राहिले. फ्रेंचमध्येही असेच घडले. ‘तो बोलतो’ला ते ‘इल पार्ल’ म्हणतात, पण लिहिताना ‘पार्ल’च्या शेवटी एक मुका स्वर ठेवतात. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू झाला, तर त्यांचे जुने छंद तो मुका स्वरही मोजतात. कविता गेलेल्या स्वरांचाही हिशेब ठेवते, तो असा.

मी गझल दुरुस्त केली, ‘करतो’च्या जागी ‘करावे’ घातले. वृत्त सुधारले आणि अर्थ बिघडला. माझी कबुली होती, तिचा उपदेश झाला. शेवटी ते वृत्तच सोडले आणि चार मात्रांचा ‘करतो’ मात्रावृत्तात बसवला. अब्बांना ती वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘आता तू बोलतोयस.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)