ब्राउनसन–हेकर पत्रव्यवहार
ब्राउनसन–हेकर पत्रव्यवहार म्हणजे अमेरिकन विचारवंत ओरेस्टेस ब्राउनसन (१८०३–१८७६) आणि धर्मगुरू आयझॅक हेकर (१८१९–१८८८) यांनी परस्परांना लिहिलेली खासगी पत्रे होत. दोघांनीही १८४४ मध्ये रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे हेकर यांनी १८५८ मध्ये न्यूयॉर्क येथे पॉलिस्ट धर्मसंघ स्थापन केला. अमेरिकन लोकशाही व कॅथलिक श्रद्धा यांचा मेळ बसेल काय, हा या पत्रव्यवहारातील एक प्रमुख प्रश्न आहे. हेकर याविषयी आशावादी होते. ब्राउनसन यांनी मात्र ऑगस्ट १८७० मधील पत्रात, प्रत्यक्ष व्यवहारात असा मेळ अशक्य असल्याचे मत कळविले. मतभेद तीव्र असूनही पत्रांतील स्नेह टिकून राहिला. हा पत्रव्यवहार १९७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.